मिर्चा लुचेस्कु: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉलच्या गप्पांत रोमानियाचे प्रशिक्षक लुचेस्कु यांचं नाव काढलं की ठरावीक प्रश्न येतात. कुणी इटलीचा मध्यरक्षक पिर्लोबद्दल विचारतं, कुणी त्यांनी घडवलेल्या ब्राझीलच्या पोरांबद्दल, आणि एखादा हमखास म्हणतो, "त्यांच्या शाख्तार क्लबाकडे पैसा होता हो, त्यात काय मोठं?" दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

नाव नेमकं कसं म्हणायचं?

मिर्चा लुचेस्कु. रोमानियन भाषेत 'ई'च्या आधी आलेल्या 'सी'चा उच्चार 'च' होतो, त्यामुळे 'लुसेस्कू' नव्हे. इटलीतल्या लोकांनी त्यांना 'इल लुचे' म्हणायला सुरुवात केली आणि ते टोपणनाव रोमानियातही रुळलं. इटालियनमध्ये 'लुचे' म्हणजे उजेड.

एका दमात सांगायचं तर हे गृहस्थ कोण?

जन्म २९ जुलै १९४५, बुखारेस्ट. उजव्या बगलेवरचा विंगर, १९७० च्या विश्वचषकात रोमानियाचा कर्णधार. पुढे प्रशिक्षक म्हणून रोमानिया, इटली, तुर्कस्तान, युक्रेन, रशिया असा प्रवास. युक्रेनमधल्या दोनेत्स्कच्या शाख्तारमध्ये सलग बारा वर्षं. इतकी वर्षं एका क्लबात टिकलेला प्रशिक्षक म्हटलं की लोक मँचेस्टर युनायटेडचे फर्ग्युसन, आर्सेनलचे वेंगर ही नावं घेतात आणि थांबतात. लुचेस्कुंचं नाव राहून जातं. हे पान लिहायला बसलो त्यामागे ही चिडचिडही आहे.

खेळाडू म्हणून कसे होते?

चांगले, आणि डोकेबाज. कारकिर्दीचा मोठा भाग दिनामो बुखारेस्टमध्ये गेला. १९६४ ते १९७७ दरम्यान त्या क्लबाबरोबर सहा लीग विजेतेपदं मिळाली. कम्युनिस्ट राजवटीत चांगल्या खेळाडूला परदेशी क्लबात जायची मोकळीक नव्हती, त्यामुळे ऐन उमेदीची वर्षं मायदेशातच सरली. खेळता खेळता अर्थशास्त्राची पदवीही घेतली.

१९७० ला मेक्सिकोत रोमानियाच्या गटात इंग्लंड आणि ब्राझील, म्हणजे चार वर्षांपूर्वीचे जगज्जेते आणि त्या वर्षी होऊ घातलेले जगज्जेते. चौथा संघ चेकोस्लोव्हाकिया. इंग्लंडकडून ०-१ हार, चेकोस्लोव्हाकियावर २-१ विजय आणि पेलेच्या ब्राझीलकडून २-३ हार. पुढची फेरी हुकली, पण त्या ब्राझीलला दोन गोल मारणं सोपं नव्हतं. लुचेस्कुंचं ब्राझीलवेड तिथूनच सुरू झालं असं मला आपलं वाटतं.

प्रशिक्षक व्हायचं कधी ठरलं?

ठरवून झालं असं म्हणवत नाही. ४ मार्च १९७७ ला रोमानियात मोठा भूकंप झाला. दीड हजारांहून जास्त माणसं दगावली, त्यातली बहुतेक बुखारेस्टमधली. त्या धसक्यानंतर लुचेस्कुंनी कुटुंबासह राजधानी सोडली आणि हुनेदोआरा गाठलं.

हुनेदोआरा म्हणजे ट्रान्सिल्व्हानियातलं पोलादाच्या कारखान्याचं गाव. तिथला क्लब कॉर्विनुल. बत्तिशीच्या आसपासचा, सहा वेळचा विजेता खेळाडू अशा ठिकाणी जातो तेव्हा लोक समजतात की आता हा निवृत्तीचे दिवस मोजणार. झालं उलटंच. १९७९ ला संघ खालच्या विभागात घसरला आणि खेळाडू असतानाच प्रशिक्षकपदही त्यांच्याकडे आलं. वर्षभरात त्यांनी क्लब परत वर आणला आणि १९८२ ला पहिल्या विभागात तिसरा.

कसा, ते महत्त्वाचं. पैसा नव्हता, मग आजूबाजूची पोरं घेतली: मिर्चा रेद्निक, योआन अंदोने, मिखाएल क्लाइन, रोमुलुस गाबोर. सगळे विशीच्या अलीकडचे-पलीकडचे. चौघेही पुढे राष्ट्रीय संघात गेले, आणि त्यातले रेद्निक, अंदोने, क्लाइन १९९० च्या विश्वचषकातही होते. दोनेत्स्कमध्ये पुढे जे झालं त्याचा कच्चा खर्डा हुनेदोआरात लिहिला गेला. तिथे पोलाद, दोनेत्स्कला कोळसा; बाकी सूत्र तेच. राजधानीपासून लांबचं कामगारांचं गाव, वीस वर्षांची पोरं, आणि त्यांच्या मागे लागलेला मास्तर.

मास्तर? म्हणजे शिस्तीचा माणूस?

शिस्त होतीच, पण मी म्हणतोय ते शाळेतल्या अर्थानं. परदेशी सामन्यांना गेलं की हे खेळाडूंना शहर पाहायला, संग्रहालयं दाखवायला न्यायचे. शिका, वाचा, भाषा शिका, हा धोशा. स्वतः अनेक भाषा बोलायचे. शाख्तारमधल्या ब्राझिलियन पोरांशी ते थेट पोर्तुगीजमध्ये बोलत. घरापासून दहा हजार किलोमीटरवर, बर्फात, दुभाष्याशिवाय आपल्या भाषेत रागावणारा माणूस भेटणं म्हणजे काय, ते परगावी वसतिगृहात राहिलेल्याला सांगायला नको.

रोमानियाचा तारा हाजी, त्याला त्यांनीच पुढे आणलं, हे खरं का?

राष्ट्रीय संघापुरतं, हो. १९८१ ला लुचेस्कु रोमानियाचे प्रशिक्षक झाले. १० ऑगस्ट १९८३ ला ऑस्लोमध्ये नॉर्वेविरुद्ध त्यांनी गेओर्गे हाजीला उतरवलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये बुखारेस्टला आणखी मोठी गोष्ट घडली. युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीत रोमानियानं जगज्जेत्या इटलीला १-० हरवलं. गोल लाडिस्लाउ बोलोनीचा, फ्री किकवर. इटली बाहेर, रोमानिया १९८४ च्या युरोत. तिथे स्पेनशी १-१ अशी बरोबरी साधली, बाकी दोन सामने हरले. पण इटलीच्या लोकांनी हा माणूस लक्षात ठेवला, आणि सात वर्षांनी त्याचा उपयोग झाला.

मग राष्ट्रीय संघ का सुटला?

१९८६ च्या विश्वचषकाची पात्रता उत्तर आयर्लंडमुळे हुकली. घरच्या मैदानावर ०-१ हार ही मुख्य जखम. नंतर ते दिनामो बुखारेस्टला गेले. त्या काळी दिनामो हा गृहखात्याचा क्लब आणि स्तेआउआ सैन्याचा. मैदानातली चुरस मैदानापुरती राहत नसे.

दिनामोचा १९९० चा संघ झकास होता: लीग, कप आणि युरोपियन कप विनर्स कपची उपांत्य फेरी. पण या काळावर एक डागही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. १९८७ ला दिनामोच्या रोदिओन कामातारुनं ४४ गोल करून युरोपचा 'गोल्डन बूट' मिळवला. हंगामाच्या शेवटी गोलांचा असा काही पाऊस पडला की सगळ्या युरोपनं भुवया उंचावल्या. पुढे दुसऱ्या क्रमांकावरच्या ऑस्ट्रियाच्या टोनी पोल्स्टरलाही त्या वर्षाचा बूट देण्यात आला. संशय कामातारुच्या गोलांवर होता, पण संघ लुचेस्कुंचा होता, हे विसरून चालत नाही.

इटलीत नेमकं काय केलं?

वर गेले, खाली आले, परत वर गेले. १९९० ला पिसा, मग १९९१ पासून ब्रेशा, मधला थोडा काळ सोडून १९९६ पर्यंत. ब्रेशा १९९२ ला वरच्या विभागात, १९९३ ला खाली, १९९४ ला पुन्हा वर, १९९५ ला पुन्हा खाली. आपल्याकडचा झोका यापेक्षा स्थिर असतो.

तरीही लोकांना ते दिवस आठवतात, कारण लुचेस्कुंनी ब्रेशात रोमानियन वस्तीच वसवली होती: हाजी, फ्लोरिन रादुचोयु, योआन साबाउ, दोरिन माटेउत्स. रेआल माद्रिदमधून हाजी थेट ब्रेशात आला, आणि क्लब खालच्या विभागात घसरल्यावरही थांबला. १९९४ ला वेम्ब्लीवर नॉट्स काउंटीला हरवून अँग्लो-इटालियन कपही जिंकला.

आणि पिर्लो?

ब्रेशातल्या आंद्रेआ पिर्लोला किशोरवयात मोठ्या संघात ओढणारे लुचेस्कुच. या गोष्टीचा उत्तरार्ध जास्त गोड आहे. २० ऑक्टोबर २०२०, कीव्ह. चॅम्पियन्स लीगमध्ये दिनामो कीव्ह विरुद्ध युव्हेंटस. युव्हेंटसचा प्रशिक्षक ४१ वर्षांचा पिर्लो, प्रशिक्षक म्हणून या स्पर्धेतला त्याचा पहिलाच सामना. समोरच्या बाकावर ७५ वर्षांचे लुचेस्कु. युव्हेंटस २-० नं जिंकलं, दोन्ही गोल मोराताचे. हरलेल्या मास्तरांना त्या रात्री फार वाईट वाटलं नसावं, हा माझा अंदाज.

इंटर मिलानमध्ये अपयशी ठरले ना?

ठरले. १९९८-९९ च्या त्या एका हंगामात इंटरनं चार प्रशिक्षक वापरले, लुचेस्कु दुसरे. संघात रोनाल्डो, बॅजिओ, झानेत्ती, पण ड्रेसिंग रूममध्ये रोज नवी भानगड. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडकडून हार झाली आणि मार्चमध्येच गाशा गुंडाळला. हा माणूस तयार ताऱ्यांना खुश ठेवायच्या कामाचा नव्हताच.

तुर्कस्तानात त्यांना एवढा मान का?

इस्तंबूलच्या दोन कट्टर वैऱ्यांना लागोपाठ विजेतेपद मिळवून दिलं म्हणून. २००० ला गालातासारायला आले तेव्हा आधीचा प्रशिक्षक फातिह तेरिमनं नुकताच युएफा कप (चॅम्पियन्स लीगखालोखालची युरोपियन स्पर्धा) जिंकून दिलेला. अशा माणसाच्या जागी बसणं म्हणजे सासूच्या हातची चव काढायला सांगितल्यासारखं. लुचेस्कुंनी हंगामाच्या सुरुवातीलाच मोनाकोत युएफा सुपर कप घेतला, रेआल माद्रिदवर २-१, जार्देलचा गोल्डन गोल (म्हणजे जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा गोल). पुढच्या वसंतात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याच माद्रिदला इस्तंबूलमध्ये ०-२ वरून ३-२ हरवलं (माद्रिदला परतीच्या सामन्यात ०-३ मार खाल्ला, ते सोडा).

२००२ ला लीग जिंकली आणि बक्षीस म्हणून नारळ मिळाला, कारण तेरिम परत येत होता. लुचेस्कु बॉस्फरसच्या काठानं थोडं पुढे सरकले, बेशिक्ताशला गेले आणि २००३ ला, क्लबाच्या शंभराव्या वर्षी, तिथेही लीग जिंकली. सूड इतका टापटीप क्वचितच पाहायला मिळतो.

शाख्तारमध्ये ते आले तेव्हा क्लब कसा होता?

'शाख्तार' म्हणजे खाणकामगार. पूर्व युक्रेनमधल्या दोनबासच्या कोळसा खाणींचा क्लब, मालक रिनात अख्मेतोव्ह. पैसा होता, २००२ ला पहिली युक्रेनियन लीगही मिळाली होती, पण देशात दबदबा दिनामो कीव्हचाच. लुचेस्कु मे २००४ मध्ये आले आणि २०१६ पर्यंत राहिले. या काळातला हिशेब: लीग ८, कप ६, सुपर कप ७ आणि २००९ चा युएफा कप. एकूण २२.

मुद्दा पैशाचाच नाही का?

पैशाचाही होता. पण पैसा असलेले क्लब तेव्हा मॉस्कोपासून इस्तंबूलपर्यंत होते. ते तिशीतले नावाजलेले खेळाडू विकत घ्यायचे, शाख्तारनं वीस-एकवीस वर्षांची पोरं घेतली. फर्नांदिन्यो २००५ ला, विलियन २००७ ला. मग डग्लस कोस्टा, लुईझ आद्रियानो, आलेक्स तेशेरा. सुरुवातीला पोरगं बाकावर बसायचं, थंडीनं कुडकुडायचं, भाषा शिकायचं, आणि दोन-तीन वर्षांनी युरोपातले मोठे क्लब त्याच्यासाठी रांग लावायचे. तेशेरा २०१६ ला चीनमध्ये सुमारे ५ कोटी युरोला गेला.

२०१४ च्या विश्वचषकातला ब्राझील-जर्मनी ७-१ सामना आठवा. त्या दिवशी सुरुवातीच्या अकरात फर्नांदिन्यो आणि बर्नार्ड होते, नंतर विलियन उतरला. तिघांच्याही कारकिर्दीत दोनेत्स्कचा मुक्काम होता. निकाल लुचेस्कुंच्या खात्यावर घालू नका.

संघाची मांडणी कशी असायची?

मागे पूर्व युरोप, पुढे ब्राझील. गोलमध्ये प्यातोव्ह, बचावात चिहरिन्स्की, कुचेर, राकित्स्की, डावीकडे रोमानियाचा राझवान रात्स, उजवीकडे क्रोएशियाचा कर्णधार दारियो सर्ना. ही मंडळी सहसा बदलत नसत. पुढची चौकडी मात्र विकली जायची आणि नवी यायची. घराच्या भिंती त्याच, दरवर्षी फक्त रंग नवा.

चॅम्पियन्स लीग कधीच का जिंकली नाही?

सगळ्यात जवळ गेले २०१०-११ ला. आर्सेनलच्या वर राहून गटात पहिले, मग रोमाला दोन्ही सामन्यांत हरवलं, आणि उपांत्यपूर्व फेरीत समोर कोण, तर ग्वार्डिओलाचा बार्सिलोना. ५-१, १-०. त्या वर्षी त्या संघासमोर कुणाचंच काही चाललं नाही.

डेन्मार्कच्या क्लबाविरुद्धचा तो वादग्रस्त गोल?

नोव्हेंबर २०१२, नॉर्दशेलंड. खेळ थांबल्यानंतर शाख्तारनं चेंडू सौजन्यानं प्रतिस्पर्ध्यांकडे परत मारला, तो पकडायला सगळे निवांत उभे, आणि लुईझ आद्रियानो मधूनच धावत सुटला आणि गोल करून आला. नियमात बसणारा, पण लाज आणणारा. युएफानं त्याला एका सामन्याची बंदी घातली. सामना शाख्तारनं ५-२ जिंकला. मी शाख्तारचा चाहता, तरी याचं समर्थन माझ्याच्यानं होत नाही.

२०१४ च्या युद्धात काय झालं?

दोनेत्स्क रशियाधार्जिण्या फुटीरांच्या हाती गेलं. २००९ ला उघडलेलं क्लबाचं मैदान, दोनबास अरेना, पाच वर्षांतच सोडावं लागलं. संघ कीव्हला राहायचा आणि 'घरचे' सामने दोनेत्स्कपासून जवळपास हजार किलोमीटर पश्चिमेला, लिव्हिवमध्ये खेळायचा. त्या जुलैत फ्रान्समधल्या सराव सामन्यानंतर सहा परदेशी खेळाडूंनी युक्रेनला परतायला नकार दिला. नंतर ते आले. लुचेस्कु तेव्हा ६९ वर्षांचे. सोडून जायला याहून सयुक्तिक कारण मिळालं नसतं. ते आणखी दोन वर्षं राहिले.

आणि मग थेट रशियात? हे कसं काय?

हा प्रश्न रास्त आहे. २०१६ ला ते सेंट पीटर्सबर्गच्या झेनितला गेले. युक्रेनमध्ये अनेकांना ते झोंबलं, आणि त्यांना दोष देता येत नाही. फुटबॉलच्या हिशेबातही हाती फारसं लागलं नाही: एक सुपर कप, लीगमध्ये तिसरा क्रमांक, वर्षभरात निरोप. त्यानंतरचं तुर्कस्तानच्या राष्ट्रीय संघाचं प्रशिक्षकपदही (२०१७-१९) फिकंच गेलं.

शाख्तारचा माणूस दिनामो कीव्हला चालला कसा?

सुरुवातीला नाहीच चालला. जुलै २०२० मध्ये नेमणूक झाली तेव्हा दिनामोच्या कट्टर पाठीराख्यांनी एवढा गदारोळ केला की लुचेस्कुंनी चार दिवसांत राजीनाम्याची भाषा केली, मग थांबले. पहिल्याच हंगामात लीग, कप आणि सुपर कप असे तिन्ही चषक आले. घोषणा हळूहळू विरल्या.

रशियाच्या २०२२ च्या आक्रमणानंतर संघाला परदेशी मैदानांवर 'घर' मांडावं लागलं. त्या जुलैत इस्तंबूलमध्ये फेनेरबाह्चेला २-१ नं बाहेर काढलं. दिनामोच्या गोलनंतर प्रेक्षकांतून पुतिनच्या नावाच्या घोषणा आल्या, तेव्हा लुचेस्कुंनी सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेला जायचंच नाकारलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाख्तारकडून ०-१ हरल्यावर पद सोडलं. वय ७८.

मुलगाही प्रशिक्षक आहे ना?

राझवान लुचेस्कु, पूर्वीचा गोलरक्षक. २०१९ ला ग्रीसमध्ये पाओकला लीग आणि कप दोन्ही मिळवून दिले. २००५ ला युएफा कपमध्ये बाप शाख्तारच्या बाकावर आणि पोरगा रापिद बुखारेस्टच्या. जिंकलं रापिद.

एकूण चषक किती?

पस्तीसच्या वर. दुसऱ्या विभागातली विजेतेपदं धरायची की नाही यावर आकडा हलतो, म्हणून मी त्या वादात पडत नाही.

परदेशात गाजलेले ते एकटेच रोमानियन का?

छे. श्टेफान कोवाच यांनी १९७२ आणि १९७३ असे लागोपाठ दोन युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगचं जुनं रूप) नेदरलँड्सच्या आयाक्सला जिंकून दिले. इटलीला गोल मारणारा तो बोलोनी, जो शिकून दंतवैद्यही झाला होता, त्यानं २००२ ला स्पोर्टिंग लिस्बनमध्ये सतरा वर्षांच्या क्रिस्तियानो रोनाल्डोला पहिल्यांदा उतरवलं. कोझमिन ओलारोयुनं आखाती देशांत नाव कमावलं. प्रत्येकावर वेगळं पान होईल.

राष्ट्रीय संघाकडे पुन्हा कधी आले?

ऑगस्ट २०२४ मध्ये, ७९ व्या वर्षी. पहिल्यांदा सोडल्यावर ३८ वर्षांनी. नेशन्स लीगच्या तिसऱ्या श्रेणीतल्या गटात सहाही सामने रोमानियाच्या नावावर लागले. त्यातला कोसोवोविरुद्धचा एक मैदानावर पूर्ण झालाच नाही, तो ३-० असा बहाल झाला.

एकच सामना पाहायचा तर कोणता?

शाख्तारचा २००९ चा युएफा कप अंतिम सामना. आपल्याकडे तेव्हा २१ मे उजाडून सव्वाबारा वाजले होते. मैदान फेनेरबाह्चेचं, म्हणजे लुचेस्कुंनी ज्या इस्तंबूलच्या दोन क्लबांना विजेते केलं, त्यांच्या तिसऱ्या वैऱ्याचं. समोर वेर्डर ब्रेमेन, त्यांचा दिएगो बंदीमुळे बाहेर. पंचविसाव्या मिनिटाला रात्सनं बचावफळीच्या मधून चेंडू सोडला आणि लुईझ आद्रियानोनं पुढे आलेल्या गोलरक्षक वीझेच्या डोक्यावरून तो अलगद उचलला. दहा मिनिटांनी नाल्दोची फ्री किक प्यातोव्हच्या हातातून निसटली, १-१. मग जादा वेळ. ९७ व्या मिनिटाला सर्ना उजवीकडून निघाला, चेंडू खालून आत दिला, जॅडसननं धावत येऊन मारला. वीझेचे हात चेंडूला लागलेसुद्धा. पण चेंडू थांबला नाही.

तिन्ही गोल ब्राझीलच्या खेळाडूंचे, ब्रेमेनचा नाल्दोही ब्राझीलचाच. पाहताना जॅडसनच्या गोलच्या आधीचे पाच-सहा सेकंद मागे न्या आणि सर्नाकडे बघा: चेंडू पायात येण्याआधीच तो मान वळवून आत कोण आहे ते पाहून घेतो.